तिसऱ्या डबक्याचं पाणी

२ एप्रिल

ही वही म्युरिनने दिली. आमची डेरीगॉलनची दलदल राखीव झाली तेव्हापासून तिची देखभाल म्युरिनकडे आहे. चाळिशीची बाई, पायात बारा महिने गुडघ्याइतके रबरी बूट. काल दारात उभी राहून म्हणाली, "ल्यूक, उन्हाळ्यात डबक्यांवर उडणारे चतुर मोजाल का माझ्यासाठी? आठवड्यातून एक फेरी. फळ्यांची वाट, पाच डबकी, फार तर दोन तास."

मी म्हटलं, "मी बारा वर्षांचा असताना शाळा सोडली."

"चतुरांनी तर पाहिलीच नाही," ती म्हणाली.

वहीत तारीख, ऊन, वारा आणि आकडे लिहायचे आहेत. बाकीचं मी कशाला लिहितोय, ठाऊक नाही. माझी बायको नॅन जाऊन सात आठवडे आणि तीन दिवस झाले. संध्याकाळी टेबलाशी बसलं की हाताला काहीतरी लागतं.

५ एप्रिल

सरावाची फेरी. थंडी आहे, चतुर अजून निघालेले नाहीत. फाटकापर्यंत गेलो आणि गॅस बंद केला का ते बघायला परत आलो. बंद होता. पुन्हा फाटकापर्यंत गेलो आणि पुन्हा परत आलो. तेव्हाही बंद होता.

पहिली दोन डबकी रस्त्याजवळ आहेत. तिसरं मधोमध, सगळ्यात मोठं. चौथं त्याच्या पलीकडे, पाचवं बर्चच्या झाडांखाली. म्युरिनचा जीव तिसऱ्यावर आहे. तिथे तो लहानसा काळा चतुर होतो, ज्याला आंबट, काळं, न हलणारं पाणीच लागतं. दलदल राखीव व्हायच्या आधी तिथे चार मोजले होते, मागच्या साली एकसष्ट. ती म्हणते, "हे डबकं म्हणजे माझं प्रगतिपुस्तक आहे. वरचे लोक दुसरं काही वाचत नाहीत."

एवढी मोठी गोष्ट माझ्यासारख्याच्या हातात दिली. चुकून एकच चतुर दोनदा मोजला तर?

एक पाणलावा पायाजवळून उडाला. दुसरं काही नाही.

९ एप्रिल

अँब्रोज क्लॅफी आला. आमच्या घरांमध्ये एकच शेत आहे. नॅनची शवपेटी उचलणाऱ्यांत माझ्यासमोर तोच होता. दारातूनच ओरडला, "चतुर मोजतोस म्हणे! झाले की सांग, मग मी गोठ्यातल्या माशा मोजायला घेतो. त्यांना ऊनसुद्धा लागत नाही."

दलदल राखीव करू नका म्हणून सभेत सगळ्यात मोठ्याने भांडला तो अँब्रोजच. शेवटी त्याने आपला पीट, म्हणजे दलदलीतली जळणाची माती, कापायचा पट्टा सोडला, आणि बदल्यात त्याला क्लूनबेगच्या दलदलीत दुसरा मिळाला. अट एकच. इथल्या नाल्यांना, बांधांना हात लावायचा नाही. लावला तर तो पट्टाही गेला. त्याची आई त्र्याण्णव वर्षांची आहे आणि तिची खुर्ची चुलीपासून हलत नाही. त्या घरात पीटशिवाय दुसरी धग नाही.

माझा पट्टा मीही सोडला, बदल्यात काही मागितलं नाही. ऑक्टोबरमध्ये नॅन इस्पितळात होती. तिथल्या गाडीतळावर एका माणसाने कागद पुढे केला, मी सही केली. आमच्याकडे कागद नॅन वाचायची. तो वाचायचा राहिला.

१० एप्रिल

आज मुलीचा, बर्नीचा, ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून फोन. "बाबा, जेवलात का? झोपलात का? रडलात का?" पहिल्या दोन्हीला हो म्हटलं. तिसऱ्याला नाही. ती म्हणाली, "रडलं तरी चालतं हो, बाबा." तिला कसं सांगू? दात काढायला सुई टोचली की आपला गाल आपला राहत नाही. चावला तरी कळत नाही. तसं झालंय. गाल आहे, पण कुणाचा तरी.

१४ एप्रिल

आमच्या जुन्या पट्ट्याजवळचा नाला साफ केला. दर वर्षी याच दिवसांत करतो. पहिल्यांदा वडिलांबरोबर केला, ज्या वर्षी शाळा सोडली त्या वर्षी. यंदा काठ चांगलाच ढासळला होता. सात-आठ हात लांबीचा गठ्ठा नाल्यात बसला होता आणि त्यावर शेवाळसुद्धा धरलं होतं. हिवाळाभर इकडे फिरकलो नाही, मग दुसरं काय होणार.

पट्टा आता माझा नाही, कापायचं काही नाही, हे कळतं. पण तुंबलेला नाला मला बघवत नाही. कुणाच्या नाकाखाली शेंबूड दिसावा तसं वाटतं. पीट कापायचं फावडं अजून धारदार आहे. चार तास लागले. शेवटचा तुकडा निघाला तसं काळं पाणी घोट्याइतकं उसळून पळालं. बराच वेळ तो आवाज ऐकत उभा राहिलो.

अँब्रोजचा ट्रॅक्टर रस्त्यावर थांबला होता. मी हात वर केला. एरवी तो तिथूनच काहीतरी वाकडं ओरडतो. आज इंजिन बंद करून नुसता बघत राहिला, मग चालू करून निघून गेला. दाढ दुखत असेल.

घरी येऊन पोटभर जेवलो. बटाटे आणि डुकराचं खारवलेलं मांस. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा ताट रिकामं झालं.

४ मे

अठरा अंश. ऊन. वारा नाही. लाल टाचण्या, म्हणजे बारीक अंगाचे चतुर, तीन, दुसऱ्या डबक्यापाशी. कदाचित दोन. तिसरी म्हणजे पहिलीच परत आली असेल. वहीत तीन लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा तीन लिहिलं. म्युरिन म्हणते, जे दिसलं ते लिहा. पण तेच तर कळत नाही.

कोकिळा ओरडत होती. नॅन दर वर्षी पहिली कोकिळा ऐकली की खिडकी वाजवायची. यंदा कुणी वाजवली नाही. कोकिळा तशीच ओरडत राहिली.

१९ मे

वीस अंश. चार ठिपक्यांचे चतुर बावीस. लाल टाचण्या चाळीसच्या पुढे, नंतर मोजता येईना.

एक चतुर पाण्यातून निघताना पाहिला. तपकिरी, चिखलाच्या किड्यासारखा, लव्हाळ्याच्या काडीवर चढला आणि थांबला. पाठ उलली. आतून दुसराच कुणीतरी मागे कलंडून लोंबकळत बाहेर आला आणि तसाच उलटा अर्धा तास राहिला. मला वाटलं मेला. मग झटक्यात उठून बसला आणि रिकाम्या कातडीला धरून राहिला. पंख आधी ओल्या कागदासारखे होते. तासाभराने चकाकले, आणि तो गेला. कातडी तिथेच काडीला धरून होती, डोळ्यांसकट.

मी पूर्ण वेळ बघितलं. पाय बधिर झाले. गॅसची आठवण झाली नाही.

तिसऱ्या डबक्याची कड उघडी पडलीय, म्हाताऱ्याच्या हिरड्यांसारखी. वारा कोरडा आहे. चौथ्याचं पाणी मात्र आहे तिथेच आहे. ते खोल असेल.

८ जून

तीन दिवस पाऊस. मोजणी नाही. तिसरं डबकं आता भरेल.

कबरीच्या दगडावर काय लिहायचं म्हणून गवंड्याने विचारलं. मी म्हटलं, नाव. तो म्हणाला, "नाव असतंच, ल्यूक. त्याखाली?" मी दगडावरून हात फिरवला. तो म्हणाला, घाई नाही. मला वाटतं, घाई आहे. पण कसली ते कळत नाही.

१५ जून

भरलं नाही. तीन दिवस पाऊस पडूनसुद्धा हातभर खाली आहे. मध्ये काळा चिखल, त्यावर सशाच्या पायांचे ठसे. म्युरिन रजेवर आहे. कळवायला हवं का? उगाच घाबरवलं असं व्हायला नको. डबकी वर-खाली होतच असतात. माझं मोजमाप चुकत असेल.

२ जुलै

एकवीस अंश. काळा चतुर: तिसरं डबकं, शून्य. चौथं, दोन. पाचवं, एक.

म्युरिन स्वतः आली होती. कडेने तीनदा फिरली. गुडघ्यावर बसून काड्या बघत होती, कातड्या आहेत का म्हणून. एकही नव्हती. "उशीर होत असेल," ती म्हणाली. मग बूट चिखलात घोट्यापर्यंत रुतवून उभी राहिली. "पण पाणी कुठे गेलं?"

मी म्हटलं, "वारा फार होता मे महिन्यात." तिने माझ्याकडे पाहिलं, तापाने फणफणलेल्या पोराकडे बघावं तसं.

९ जुलै

तेवीस अंश. तिसरं डबकं, शून्य. डोळ्यांचा दोष असेल म्हणून गावात जाऊन चष्मा तपासून घेतला. चष्मा ठीक आहे.

१२ जुलै

म्युरिन सकाळीच आली. चहासुद्धा घेतला नाही. म्हणाली, "माझ्याबरोबर चला. तुमची नजर जुनी आहे, मला खात्री करून घ्यायचीय."

फळ्यांची वाट सोडून ती गवतातून चालत निघाली आणि आमच्या जुन्या पट्ट्याजवळच्या नाल्यापाशी थांबली.

"इथे बांध होता, ल्यूक. नोव्हेंबरात घातला. पीटचाच, वर शेवाळाचे तुकडे लावून, म्हणजे लवकर जमिनीत मिसळून जाईल. वरचा दोन वर्षांपूर्वीचा बांध काढून तिसऱ्या डबक्याचं सगळं पाणी याच्यावरच ठेवलं होतं. बांध आम्ही वर्षातून दोनदा तपासतो. काल आले तर हे असं. कुणीतरी खणून काढलाय."

मी नाल्याकडे बघितलं.

"आणि हे यंत्राचं काम नाही. कडा बघा, किती साफ. एकापाठोपाठ एक, ओळीत. हे पीट कापणाऱ्याचं काम आहे. हाताने असं कापणारे या गावात उरलेत किती?"

मी म्हटलं, "दोन."

"त्यातला एक माझ्यासाठी चतुर मोजतो," म्युरिन म्हणाली. "मग उरला एक. सभेत मला म्हणाला होता, तुझे बांध वर्षभरसुद्धा टिकायचे नाहीत. मी हसले होते."

काप डावीकडे जरासे कलते होते. माझं उजवं मनगट तरुणपणी मोडलं होतं. तेव्हापासून माझा प्रत्येक काप डावीकडे कलतो. नॅन म्हणायची, शंभर जणांच्या ढिगातून तुझी ढेप ओळखेन.

 घाबरलो असं नाही. घाबरायला हवं होतं. लाज वाटायला हवी होती. मी त्या नाल्यात वाहणारं पाणी बघत होतो आणि मनात एवढंच आलं की काय छान वाहतंय.

घरी येऊन हे लिहायला बसलो तेव्हा मागची पानं उलटली. चौदा एप्रिल. माझ्याच अक्षरात. शेवाळसुद्धा धरलं होतं, असं मीच लिहिलंय.

काळ्या चतुराची पिल्लं तेव्हा पाण्यात तांदळाएवढी असतील.

१३ जुलै

अँब्रोजकडे गेलो. तो अंगणात ट्रॅक्टरखाली होता, नुसते पाय दिसत होते. पायांनीच म्हटलं, "ये. आत जाऊन आईपाशी बस. तिला ऐकू येत नाही, पण माणूस दिसलं की बरं वाटतं तिला."

मी पायांना सांगितलं, "अँब्रोज, तो बांध मी काढला."

"माहीत आहे."

"कसं काय?"

तो बाहेर सरकला. तोंडाला तेल लागलं होतं. "लेका, मी रस्त्यावर उभा होतो ना. तो बांध घातला त्या दिवशी बघायला कोण गेलं होतं? मीच. शिव्या द्यायला. तिथे काय आहे ते मला माहीत होतं आणि तुला माहीत नाही हेही दिसत होतं."

"मग ओरडला का नाहीस?"

अँब्रोजने चिंधीला हात पुसले. "दोन महिने तू कशाला हात लावला नव्हतास. त्या दिवशी पहिल्यांदा तुझे हात हलताना दिसले. कोण ओरडेल? आणि खोटं कशाला बोलू, म्हटलं फुटतोय बांध तर फुटू दे. त्यांचा आहे, माझा थोडाच आहे."

"आता तुझा पट्टा जाईल."

"बघू. चोविसाला मला सभागृहात बोलावलंय. मी म्हणेन, सिद्ध करा. सिद्ध कसं करतात तेच बघायचंय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू गप्प राहायचं, ल्यूक. सांगितलंस तर ती बाई तुझी मोजणी काढून घेईल. आणि तू परत त्या टेबलाशी बसशील भिंतीकडे बघत. मागच्या वेळी तुला तिथून उठायला एप्रिल लागला. पुढच्या वेळी काय लागेल सांगता येत नाही."

आत गेलो. म्हातारी चुलीपाशी होती. जुलै महिना, तरी पीट पेटलेलं. तिने विचारलं, "कोण आलंय?"

अँब्रोज तिच्या कानाशी ओरडला, "ल्यूक, आई! गॅव्हिगनांचा ल्यूक!"

"नॅनला नाही आणलं?"

अँब्रोजने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. मग तो म्हणाला, "चहा ओत रे," आणि मी चहा ओतला.

१६ जुलै

तिसरं डबकं, शून्य. चौथं, सात. फेरी पूर्ण केली. आकडे बरोबर लिहिले. हे काम मला आवडतं हे आज कळलं, आता ते जाणार म्हणून. आवडतं असं लिहिलं खरं. सकाळी उठल्यावर वाऱ्याकडे बघावंसं वाटतं, एवढंच म्हणायचंय.

गप्प राहिलो तर अँब्रोजचा पट्टा जाईल. हिवाळ्यात म्हातारीची खुर्ची कशापाशी ठेवायची? बोललो तर माझं टेबल आहेच. अँब्रोज म्हणतो सिद्ध होणार नाही. झालं तर? सिद्ध नाही झालं तरी गाव म्हणणार त्यानेच केलं.

१८ जुलै

ऑक्टोबरातला तो कागद शोधला. चर्चमध्ये मिसाला न्यायच्या नॅनच्या पुस्तकात निघाला. म्हणजे तिच्या हातात पडला होता. इस्पितळातून ती चार दिवस घरी आली होती, तेव्हा. वाचला असेल की नुसता घडी करून ठेवला?

बोट ठेवून सबंध वाचला. सकाळ गेली. दुसऱ्या पानावर नाल्याचा क्रमांक आहे आणि पुढे माझ्या वडिलांचं नाव, कारण नकाशात तो नाला अजून त्यांच्याच नावाचा आहे. इथे बांध घालण्यास माझी हरकत नाही, असं खाली. त्याखाली माझी सही. चांगली आलीय सही.

२१ जुलै

बर्नीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत!" तिच्याकडे पहाट होती, मागे कुणाचं तरी पोर रडत होतं. मुद्दाम केलं नाही, हे खरं आहे. पण पाण्याला ते कोण सांगणार.

२४ जुलै

सभागृहात एक लांब टेबल. म्युरिन, आणि तिच्या कचेरीतून आलेले दोघं सद्गृहस्थ, एक टक्कल असलेला, एक बिनटकलाचा. अँब्रोज मिसाला घालायचा कोट घालून आला होता. गावातले आठ-दहा जण भिंतीला टेकून. मीही भिंतीला.

टकलाने विचारलं, "मिस्टर क्लॅफी, हा बांध तुम्ही काढलात का?"

"नाही."

"मग कुणी काढला?"

"कोल्ह्याने."

भिंतीकडून हशा आला. टक्कल हसलं नाही. "फावड्याने?"

"डेरीगॉलनचे कोल्हे कष्टाळू आहेत," अँब्रोज म्हणाला.

म्युरिन हसली नाही. तिचा चेहरा थकलेला होता. "अँब्रोज, दोन वर्षांचं काम वाहून गेलंय. मला तुमचा पट्टा काढून घ्यायची हौस नाही. पण तुम्ही कुणालातरी पाठीशी घालताय, किंवा माझी थट्टा करताय."

"थट्टाच," अँब्रोज म्हणाला. "तीच तर येते मला."

टक्कल कागदावर काहीतरी लिहायला लागलं. मी त्याच्या पेनाकडे बघत होतो. पेन थांबलं तर पट्टा गेला, असं मला वाटलं. माझे पाय पुढे गेले.

"तो बांध मी काढला," मी म्हटलं.

"बस खाली, ल्यूक," अँब्रोज म्हणाला. मग टेबलाकडे वळून, "याचं ऐकू नका. फेब्रुवारीत याची बायको गेली. माणूस ठिकाणावर नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी खरंच ठिकाणावर आहे का ते बघत असल्यासारखे. मी म्हटलं, "आहे मी ठिकाणावर. काप डावीकडे कलते आहेत. अँब्रोजचे सरळ असतात. चौदा एप्रिलला केलं. मला वाटलं काठ ढासळलाय. ही वही."

वही टेबलावर ठेवली तेव्हा आठवलं, तीत काय काय लिहिलंय ते. गाल, गॅस, गवंडी. म्युरिनने ती आपल्याकडे ओढली, एप्रिल शोधला, तेवढंच पान वाचलं. टकलाने हात पुढे केला. तिने वही मिटून माझ्याकडे सरकवली. "मी वाचलंय," ती म्हणाली. "तारीख जुळते."

अँब्रोजचा पट्टा राहिला. माझी मोजणी गेली. राखीव जागेत काम करणाऱ्याने बांध मोडला तर त्याला ठेवता येत नाही, असा नियम आहे. म्युरिनने हे माझ्या बुटांकडे बघत सांगितलं. यंदाच्या तिसऱ्या डबक्याच्या आकड्यांपुढे कारण लिहावं लागेल, आणि तिचं प्रगतिपुस्तक वर कसं वाचतील ते तिलाही माहीत नाही. मी म्हटलं, "चुकलो." ती म्हणाली, "हो."

बाहेर अँब्रोज ट्रॅक्टरवर चढला आणि मला न घेता गेला. तीन मैल चालत आलो.

२ ऑगस्ट

अँब्रोज बोलत नाही. सकाळी ट्रॅक्टर जातो, मान सरळ.

६ ऑगस्ट

टेबल.

९ ऑगस्ट

बावीस अंश. ऊन. वारा नाही.

१६ ऑगस्ट

दारावर थाप. अँब्रोज आणि म्युरिन, एकत्र. ही दोघं एका उंबऱ्यावर उभी राहतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

म्युरिन म्हणाली, "बांध परत घालायचाय. यंत्र आणलं होतं, ते निम्म्या वाटेत रुतलं. जमीन फार मऊ आहे. हाताने घालावा लागेल. ओलं पीट, मोठ्या ढेपा, जवळूनच कापून."

"बाईंना दोन कापणारे हवेत," अँब्रोज म्हणाला. तीन आठवड्यांनी त्याचा आवाज ऐकला. "मी सांगितलं गावात दोनच आहेत. त्यातला एक मूर्ख आहे."

"कुठला?" मी विचारलं.

"ते बांध टिकला की कळेल. फावडं घे."

साठ वर्षं जो नाला मोकळा ठेवला तो बुजवायला गेलो.

पीट कापायला दोघं लागतात. एक कापतो आणि ओली ढेप फावड्यावरूनच मागे भिरकावतो, दुसरा ती हवेतच झेलून रचतो. कापणाऱ्याने मागे बघायचं नसतं, बघितलं की लय तुटते. मी कापायला उभा राहिलो, अँब्रोज झेलायला. म्युरिन नाल्यात उतरली, ढेपा दाबून बसवायला.

पहिल्या दोन-तीन ढेपा जमल्या. मग फावडं आपोआप चालायला लागलं. खाली, आत, उचल, मागे. खाली, आत, उचल, मागे. किती वेळ गेला माहीत नाही. मागून धप्प आवाज आला आणि पाठोपाठ शिवी. ढेप अँब्रोजच्या छातीवर बसली होती, हनुवटीपर्यंत काळं पाणी.

"अरे, हळू ना, गाढवा! मी काय नॅन आहे?"

मी मागे वळलो.

अडतीस वर्षं माझ्यामागे नॅन झेलायची. मी तिच्यासाठीच भिरकावत होतो. तिच्या उंचीला, तिच्या डाव्या अंगाला, ती वाकून सरळ व्हायला जेवढा वेळ घ्यायची तेवढ्याच वेळाने. आणि तिथे अँब्रोज उभा होता, दाढीतून पाणी गळत.

"नाही," मी म्हटलं. "नॅन मेली."

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना माहीतच होतं, सांगायची गरज पडली नव्हती.

"हो रे," अँब्रोज म्हणाला. "मेली."

म्युरिन नाल्यात मांडीपर्यंत चिखलात उभी होती. तिने डोकं वर केलं नाही. अँब्रोज दाढी पुसून म्हणाला, "उजवीकडे टाक. आणि जरा वर. मी उंच आहे तिच्यापेक्षा."

उजवीकडे टाकायला लागलो. जमत नव्हतं, निम्म्या ढेपा पडत होत्या. अँब्रोज प्रत्येक वेळी शिवी देत होता, आणि उचलून घेत होता. दुपारी तीनला पाणी थांबलं. त्याचा आवाज बंद झाला तेव्हा कळलं की तो सगळा वेळ येत होता.

घरी आलो. मनगट दुखत होतं, पाठ दुखत होती. बूट काढायला खाटेवर बसलो तेव्हा दुसरंही दुखायला लागलं, छातीत, खाली, सगळीकडे, आणि एवढ्या जोरात की बूट तसेच राहिले. अजून पायात आहेत. रडू अजून थांबलेलं नाही.